यंत्रांच्या गोष्टी आणि आमचें एक पत्र

आमच्या अभ्यासाच्या खोलींतील कपाटास पांच खण आहेत. वरच्या चारांत शेक्सपिअरपासून एलियटपर्यंत सारी प्रतिष्ठित मंडळी उभी असून आल्यागेल्याची दृष्टि प्रथम त्यांच्यावरच पडावी अशी आम्हीं योजना केलेली आहे. पांचवा, अगदीं खालचा खण मात्र खुर्चीच्या आड येतो. त्यांत आमच्या खऱ्या आवडीचीं पुस्तकें आहेत : चंद्रावर जाणाऱ्यांचीं, काळाच्या प्रवाहांत मागेंपुढें हिंडणाऱ्यांचीं, जादूगारांचीं, आणि विशेषतः विचार करणाऱ्या यंत्रांचीं. दिवसा वर्गांत वरच्या खणांवर व्याख्यानें द्यावयाचीं आणि रात्रीं खालच्या खणांतलें पुस्तक काढून बसावयाचें, हा दांभिकपणा आम्ही आतां कबूल करून टाकतों. वयाची पन्नाशी उलटल्यावर माणसास एवढा धीर यावयास हरकत नाहीं.

ह्या आवडीचें बीज आमच्या मनांत जयंत नारळीकरांनीं पेरलें. १९७९ सालीं निघालेला त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह शाळकरी वयांत हातीं पडला, आणि तेव्हांपासून आकाशाकडे पाहण्याची आमची दृष्टिच बदलली. त्यांच्या पहिल्या कथेची हकीकत तर कथेइतकीच गोड आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठविली ती नारायण विनायक जगताप ह्या नांवानें, म्हणजे स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून. हस्ताक्षर कोणी ओळखूं नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. उद्देश एवढाच कीं, बक्षीस मिळालें तर तें लेखनास मिळावें, नांवास नव्हे. तें मिळालेंही. वाचकांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

यंत्रमानवाच्या कथांविषयीं आमचें मत असें कीं, त्या लिहिणारांनीं भविष्य बहुतेक चुकीचें वर्तविलें. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकानें जगास दिला. तो सुचविला त्याच्या बंधूनें, आणि त्याचें मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या शब्दांत आहे. त्या नाटकांतील हे कृत्रिम गडी अखेर धन्यावर उलटतात. आयझॅक असिमोव्हनें आपल्या यंत्रमानवांच्या गळ्यांत १९४२ सालीं तीन नियमांचें दावें अडकविलें, व तें दावें कोठें कसें गुंततें ह्यावर बहारीच्या गोष्टी रचिल्या. परंतु एकाची भीति बंडाची, दुसऱ्याचा विनोद तर्काचा. यंत्र एके दिवशीं आर्जवांत, शिष्टाचारांत आणि शोक करण्यांत आम्हांपेक्षां वरचढ ठरेल, हें फारच थोड्यांस सुचलें. पोलंडच्या स्तानिस्वाफ लेमला तें सुचलें होतें. त्याच्या १९६५ सालच्या ‘सायबेरियाड’मध्यें एक यंत्र फर्मास कविता करूं लागतें आणि खऱ्या कवींची त्रेधा उडते. ती गोष्ट प्रथम वाचली तेव्हां आम्ही पोट धरून हसलों होतों. आतां ती पुन्हां वाचवत नाहीं.

जादूच्या कादंबऱ्या व ह्या कथा आमचे पुष्कळ स्नेही एकाच पोत्यांत घालतात. तें आम्हांस मान्य नाहीं. पण दोहोंस कसोटी मात्र आम्ही एकच लावतों : चमत्काराची किंमत कोण देतो? अर्सुला ल ग्विन ह्या लेखिकेच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ह्या कादंबरींत वस्तूचें खरें नांव कळल्याखेरीज तिच्यावर मंत्र चालत नाहीं, आणि नांवें शिकणें म्हणजे मोठें कष्टाचें काम. नायक पोरवयांत केवळ ऐटीखातर नको तो मंत्र म्हणतो, आणि त्यांतून सुटलेली छाया त्याच्या पाठीस लागते. ज्या कादंबऱ्यांत कांडी फिरविली कीं फुकट राज्य मिळतें, त्या आमच्या घरीं रद्दीवाल्याच्या वाट्यास जातात.

सर्वांत आम्हांस झोंबते ती ई. एम. फॉर्स्टरची १९०९ सालची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा. भूमीखालीं एकेका खोलींत एकेक माणूस; अन्न, हवा, संगीत, सर्व यंत्राकडून. मुलगा आईस म्हणतो, यंत्रांतून नको, समक्ष येऊन भेट. तिला तो प्रवास नकोसा होतो. ही बाई व्याख्यानें देणारी आहे, ह्या तपशिलाकडे आम्हीं वर्षानुवर्षें सोयिस्कर दुर्लक्ष केलें.

गेल्या पावसाळ्यांत दोन विद्यार्थ्यांनीं यंत्राकडून लिहवून घेतलेले निबंध आम्हांपुढें ठेविले. आम्हीं त्यांस खोलींत बोलावून अर्धा तास कडक शब्दांत सुनावलें. त्याच आठवड्यांत आमचा कॉलेजांतील जुना मित्र परगांवीं वारला. वहिनींस पत्र लिहावयाचें होतें. रात्रीचे अकरा वाजलेले, समोर उत्तरपत्रिकांचा ढीग, आणि शब्द सुचेनात. आम्हीं यंत्रास सांगितलें. त्यानें क्षणांत असें पत्र करून दिलें कीं, त्यांत काना-मात्रेचाही दोष नव्हता. तें आम्हीं चांगल्या कागदावर आमच्या अक्षरांत नीट उतरून काढलें व खालीं सही केली. नारळीकरांनीं आपली गोष्ट दुसऱ्याच्या अक्षरांत दडविली होती!

वहिनींचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. इतक्या पत्रांत तुमचेंच पुन्हां पुन्हां वाचतें, असें त्यांनीं लिहिलें होतें. पुढें होतें : ‘‘भाऊजी, ह्यांचें खळखळून हसणें अजून कानांत आहे, असें तुम्हीं लिहिलें आहे. घरीं हे कधीं तसे हसल्याचें मला आठवत नाहीं. कोणत्या प्रसंगीं हसले होते तें सवडीनें कळवाल का? मुलांनाही सांगेन.’’

आमचा मित्र खळखळून हसणाऱ्यांपैकीं नव्हताच. तो ओठ मिटून, डावा खांदा किंचित् उडवून हसे. बी.ए.च्या परीक्षेच्या आदल्या दिवशीं आम्ही तापानें पडलों असतां अवकाळी पावसांत कोसभर चालत येऊन त्यानें आपल्या वह्या आम्हांस वाचून दाखविल्या होत्या, आणि मध्येंच आमची गाळण उडालेली पाहून तो खांदा उडविला होता. यंत्रास हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आम्हीं तें त्यास सांगितलेंच नव्हतें.

उत्तर अजून जावयाचें आहे. तीन वेळां कागद पुढें ओढला. ‘ती. वहिनींस, सा. न. वि. वि.’ एवढ्यावर लेखणी अडते. त्यापुढें खांद्याची गोष्ट आधीं लिहावी कीं त्या पत्राची, हें ठरत नाहीं.