मार्कंड्याचा बेत
“एका दिवसात मार्कंडा होतो का रे?” आईने विचारले. मी तत्काळ कागद-पेन्सील घेतली. मास्तराला बेत आखायला सांगितला, की तो मुद्दे काढणारच! पहाटे ५ ला चंद्रपूर सोडायचे, मूलला चहा, चामोर्शीला न्याहारी, मग ३ तास देवळे. ‘विदर्भाचे खजुराहो’ ते. १८७० च्या दशकात कनिंगहॅमसाहेबांनी त्यावर पाने भरून लिहिले. वीज पडून मुख्य देवळाचा माथा कोसळला, असे सांगतात. तेही नीट पाहायचे होते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आईच्या लेखी मात्र मार्कंडा अजून ‘आपल्या चांद्यातच’ आहे. नदीला मी १० मिनिटे दिली.

आईने कागद वाचला. “वैनगंगेला दहाच?”

एरवी दक्षिणेला धावणारी वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते. दर महाशिवरात्रीला नाना म्हणत, “पुढच्या वर्षी जत्रेला नक्की.” नानांना जाऊन चार वर्षे झाली. आईला शिल्पे पाहायची नव्हतीच; पाण्यात एक दिवा सोडायचा होता.

मी रबर शोधले. न्याहारी सौ.ने डब्यात घेतली. देवळांना १ तास उरला. निघण्याची वेळ तेवढी आईने स्वतः खोडली आणि लिहिले : ४.