अफू एकच, दुखणी दोन

चिंचपोकळीत वाढलेल्या माझ्या पिढीला 'गर्द' हा शब्द काही पुस्तकातून शिकावा लागला नाही. 1982चा गिरणी संप चिघळला आणि त्याच दशकात ब्राउन शुगर आमच्या गल्ल्यांत शिरली. मिलच्या भिंतीच्या आडोशाला पन्नी पेटवून बसलेली पोरं दिसायची. त्यातली काही ओळखीची असायची. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला होता. बरंच झालं, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं.

पण गंमत बघा. ज्या अफूपासून गर्द होतं, त्याच अफूपासून मॉर्फीनही. कॅन्सरच्या असह्य वेदनांवरचं हे जुनं, स्वस्त औषध. 1985च्या कायद्याने त्यासाठी इतके परवाने लावले आणि चुकीला अशी जबर शिक्षा ठेवली, की बहुतेक दवाखान्यांनी आणि केमिस्टांनी ते ठेवणंच सोडलं. 1997 साली देशभरात मॉर्फीनचा वापर जेमतेम 18 किलोवर आला. म्हणजे 97 टक्के घट! आणि हे कुठे, तर मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशात.

2014 साली कायदा बदलला. मॉर्फीनसह सहा औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. पण कागद बदलला तरी भीती कुठे जाते?

माझी आत्या चिपळूणजवळच्या गावात होती. कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला. तिथला केमिस्ट म्हणाला, "असली औषधं आम्ही ठेवत नाही." मग आत्येभाऊ दर महिन्याला कोकणकन्येने पहाटे दादरला उतरायचा, आमच्याकडे चहा घेऊन परळला टाटा हॉस्पिटलात जायचा आणि रात्रीच्या गाडीने परत. पहिल्या गोळ्यांनंतर आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "काल झोप लागली रे."

अमेरिकेत नेमकं उलटं झालं. 1996 पासून ऑक्सिकॉन्टिनसारख्या गोळ्या तिथे सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या. पुढे हेरॉइन आणि फेंटानिल आलं. 2022 साली ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली. म्हणजे नळ सताड उघडा ठेवणं वाईट, आणि भीतीने पार बंद करणंही वाईटच.

म्हणून नातेवाईकांना एक सांगणं. घरात कुणी असं तळमळत असेल, तर "सहन कर" म्हणू नका. पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळते ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फीनचं सहसा व्यसन लागत नाही. गोळ्या मात्र मोजून, कुलपात ठेवा. उरल्या तर हॉस्पिटलला विचारून परत करा.

गर्दने गेलेली पोरं मी पाहिली आहेत, म्हणून कायदा नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण वेदनेने तळमळणाऱ्या म्हातारीला त्या पोरांच्याच रांगेत उभं करू नये, एवढंच.