अम्मींचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी मेहकरहून बुलढाण्याला येताना, चिखलीच्या अलीकडे, गाडीतच अब्बांचं हृदय थांबलं. दवाखान्यात ते पुन्हा सुरू झालं, अल्हम्दुलिल्लाह. पण मधल्या काही मिनिटांची खूण मेंदूवर राहिली. नातवंडांच्या नावांची अजून अदलाबदल होते.

यंदा दहावीला राजवायू शिकवले. कशाशी सहसा मिसळत नाहीत म्हटल्यावर एका मुलाने विचारलं, "मग उपयोग काय?" लोणारचं उदाहरण जवळचं. वितळलेल्या खडकात अडकलेल्या आर्गॉनवरून त्या विवराचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं ठरवलं गेलं. मुलं खूश झाली. आम्ही मात्र घरी येऊन पुढे वाचत बसलो आणि झेनॉनपाशी थांबलो.

झेनॉनने भूल देता येते. माणसांवर हे १९५१ मध्येच करून पाहिलं होतं. रक्त थांबलं की मेंदूच्या पेशी ग्लुटामेट नावाचं द्रव्य ओततात आणि शेजारच्या पेशी त्याने भडकून मरतात. ते द्रव्य ज्या दारातून काम करतं, ते दार झेनॉन अडवतो. फिनलंडमध्ये हृदय थांबून बेशुद्ध झालेल्या ११० रुग्णांवर चाचणी झाली. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड ठेवून निम्म्यांना २४ तास झेनॉन दिला. त्यांच्या मेंदूतल्या तंतूंची हानी कमी दिसली, हृदयाच्या स्नायूचीही.

हे मोठ्याने वाचत होतो. अम्मींनी भाजी निवडणं थांबवलं. "म्हणजे तेव्हा मुंबईला नेलं असतं, पैसे असते, तर?"

दोन वर्षं हेच मनात धरून बसल्या होत्या, आम्हाला पत्ताच नव्हता.

"नाही अम्मी," आम्ही सांगितलं, आणि ते खरं होतं. झेनॉन महाग आहेच. हवेच्या एक कोटी भागांत तो पुरता एक भागही नसतो. पण २०१६ च्या त्या चाचणीत जीव वाचण्यातला फरक खात्रीचा ठरला नाही. जन्मताना गुदमरलेल्या ९२ बाळांवर इंग्लंडमध्ये तो वापरला, तिथे जास्तीचा फायदा दिसलाच नाही. हा अजून नेहमीचा उपचार नाही, मुंबईतही नाही.

अम्मींनी पुन्हा भाजी ओढली. एक गोष्ट आम्ही त्यांना सांगितली नाही. त्या दिवशी गाडीत आम्ही चौघे होतो आणि छाती दाबायची असते, हे एकालाही माहीत नव्हतं.

आता शिकलोय. छातीच्या मधोमध, निदान ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. परवा मुलांना उशीवर करून दाखवत होतो. अब्बा दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहत.

"उशीला काय झालं?"