सावकार याकोब फुगर यांस

मु. पो. स्वर्ग
(तिथे नसल्यास शुद्धिस्थानाकडे पाठवावे)

श्रीमंत राजमान्य राजश्री याकोब शेठ फुगर, आउग्सबर्गकर, यांस स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्हाला जाऊन पाचशे वर्षं झाली आणि तुम्ही गरिबांसाठी बांधलेल्या वसाहतीची खुशाली तुम्हाला कुणी कळवली असेल असं वाटत नाही. फुगराई ठणठणीत आहे. 67 घरं, 140च्या आसपास बिऱ्हाडं, दीडशेएक माणसं. भिंती पिवळ्या, त्यांवर वेल चढलेला, दारं हिरवी. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1944च्या बॉम्बहल्ल्यात, बरीचशी जळाली होती. तुमच्या वारसांनी पुन्हा उभी केली. तुमच्या न्यासाची जंगलं आहेत आणि मुख्यतः त्यांच्या उत्पन्नावर खर्च भागतो. भाडं तुम्ही ठरवून गेलात तेच: वर्षाला एक ऱ्हाइनिश गुल्डन, म्हणजे आजचे 88 सेंट. वीज-पाण्याचे पैसे वेगळे, ते तुमच्या काळी नव्हते म्हणून. बघायला येणाऱ्यांकडून मात्र त्याच्या कितीतरी पट तिकीट घेतात. तुमच्या हिशेबी स्वभावाला हे आवडेल.

मी कोण, असं विचाराल. मी वसईची, कॅथलिक, तुमच्या गावात नोकरीला. पण आपली ओळख त्याआधीची आहे. 1505 साली पोर्तुगीज अल्मेदाचं आरमार लिस्बनहून मिऱ्यांच्या हिंदुस्थानाकडे निघालं, त्यात जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता आणि त्यात तुमचाही होता. त्याच आरमाराने कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे आमची आख्खी आळी मिस्सेला जायला लागली. तेव्हा मी जपमाळ ओढते त्यात तुमच्या मिऱ्यांच्या नफ्याचाही बारीकसा हात आहे. आभार मानावेत की भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून दोन्ही करते.

आधी भांडण. शेठ, तुम्ही देवाशीही वहीखातं ठेवलंत. तुमच्या पेढीच्या खतावणीत संत उलरिख यांच्या नावाचं खातं होतं. आउग्सबर्गचा हा पालक संत, आणि त्याच्या नावे दानधर्माची रक्कम जमा. आमच्याकडचे जुने व्यापारीही चोपडीत धर्मादाय खातं काढत, त्यामुळे हसणार नाही. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. 1521च्या दानाला अटी जोडल्या गेल्या: राहणारा गरीब हवा, आउग्सबर्गचा हवा, कॅथलिक हवा, आणि त्याने रोज एक प्रभूची प्रार्थना, एक नमो मारिया, एक विश्वासांगीकार म्हणायचा, तुमच्या आणि तुमच्या घराण्याच्या आत्म्यांसाठी. सावकार तो सावकारच! भाडं थोडकं ठेवलंत, पण मुद्दल स्वर्गात वळतं केलंत.

आणि पैसा तरी कसला? 1514 साली माइन्झच्या आल्ब्रेख्तला आर्चबिशपपदासाठी तुम्ही कर्ज दिलंत. ते फेडायला पापक्षमापत्रं विकायला काढली. निम्मी रक्कम रोमला, निम्मी तुम्हाला. ती विकणारा टेट्झेल गावोगाव प्रवचनं देई तेव्हा तुमचा कारकून पेटीपाशी उभा असे. त्यावरून धर्मसुधारक ल्यूथर भडकला, 1518 साली त्याला जबाबासाठी इथेच बोलावलं, आणि कार्डिनल काजेतानने त्याची उलटतपासणी केली ती तुमच्याच वाड्यात. हे सगळं तुमच्या पायी झालं, असं म्हणणं जरा जास्त होईल. पण तुमच्या पैशाने झालं. 1525 साली शेतकरी उठले तेव्हा त्यांना चिरडणाऱ्या श्वाबियन संघालाही तुम्हीच रोकड पुरवलीत. ते शेतकरी तुमच्याच गावाभोवतीचे होते. त्यांच्यातलाच कुणी म्हातारा हातपाय थकल्यावर तुमच्या फाटकाशी आला असता तर? पुरेसा कॅथलिक ठरला असता का?

धान्याच्या कोठारांवर कोठारं बांधणाऱ्या श्रीमंताची येशूने सांगितलेली गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असणार. मिस्सा चुकवणारे तुम्ही नव्हेत. तरी भागीदाराने आता धंदा आवरा म्हटलं, तेव्हा जमेल तोवर कमावणार असं तुम्ही कळवलंत. तुमच्या पश्चात झालेल्या मोजदादीत वीसएक लाख गुल्डन निघाले. मूलबाळ नाही.

आता हिशेब पाहू. 1519 साली पाचव्या चार्ल्सला सम्राट करायला साडेआठ लाखांवर गुल्डन लागले, त्यातले पाच लाखांहून जास्त तुमचे. तुम्ही 1523 साली त्याला तगाद्याचं पत्र लिहिलंत, माझ्यावाचून मुकुट मिळाला नसता म्हणून. (काय हिंमत! माझ्याच्याने गावच्या पतपेढीच्या मॅनेजरलाही असं लिहवणार नाही.) पुढे 1557 साली त्याच्या मुलाने, स्पेनच्या फिलिपने, हात वर केले, पुन्हा 1575 साली केले, आणि शंभरेक वर्षांत पेढी आटोपली. नामिबियाच्या किनाऱ्यावर 2008 साली हिऱ्यांच्या खाणीत एक बुडालेलं पोर्तुगीज जहाज सापडलं, बहुधा 1533 सालचं ‘बॉम जेझुस’. आमच्याकडेच निघालेलं. त्यात टनांवारी तांब्याचे गोळे, तुमच्या त्रिशूळाच्या छापाचे. पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर लागते, गंज चढतो. तुमच्या तांब्याला तेवढं झालं नाही, पण ते पोचलंही नाही.

राजे बुडवून गेले. फेडणारे राहिले ते फुगराईतले गरीब. मोझार्टचे पणजोबा, गवंडी फ्रान्झ, इथेच राहिले आणि 1694 साली इथेच वारले. त्यांनीही तुमच्यासाठी प्रार्थना म्हटल्याच असतील. आज कोण म्हणतं, कोण नाही, हे बघायला कुणी येत नाही. एका आजीला मी विचारलं. ती दारापाशी कुंड्यांना पाणी घालत होती. म्हणाली, “कधी विसरते. मग दुसऱ्या दिवशी दोनदा म्हणते.” थकबाकी, शेठ! पाचशे वर्षांनंतर, वसुलीला माणूस नसताना, कुणी तुमची थकबाकी आपणहून भरतंय. दारावरच्या घंटेची लोखंडी ओढ तिने मला चाचपून बघायला लावली. प्रत्येक दाराची वेगळी घडण, अंधारात हाताला आपलं घर कळावं म्हणून. आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं दार. या दारांसाठी मात्र मनापासून आभार. गरिबाच्या घराला स्वतःचं दार हवं, हे तुमच्या किती देणेकरी राजांना सुचलं असतं?

आता विनंती. मागच्या उन्हाळ्यात माझे मामा आले होते. त्यांनी केळीची वाडी बिल्डरला दिली. वसई हिरवी राखण्यासाठी निघालेल्या फादर दिब्रिटोंच्या मोर्चात घोषणा देणारे हेच मामा. पैसे आल्यापासून त्यांना झोप नाही. चर्चला पंखे दिले, पात्यांवर आजोबांचं नाव घातलं, तरी नाही. मी त्यांना फुगराईत नेलं. आधी त्यांनी उभ्या उभ्या 140 बिऱ्हाडांचं चालू भावाने भाडं काढलं आणि कपाळाला हात लावला. मग फाटकावरची तुम्हा तिघा भावांच्या नावांची पाटी बघून म्हणाले, “आपल्या पंख्यासारखंच की.” आणि तुमच्या नावाच्या त्या तीन प्रार्थनांचं मी सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहून विचारलं, “मग त्याला मिळालं का?”

मला उत्तर देता येईना. संत आन्नाच्या देवळात तुमचं थडगं दाखवलं, तर ते देऊळ ल्यूथरवाल्यांचं निघालेलं बघून मामा आणखीच गोंधळले.

तेव्हा कृपा करून एवढंच कळवा: जमा धरलं का? पूर्ण धरलं की वजावट करून? आणि ल्यूथरसाहेब भेटतात का? मामांनी अर्धे पैसे अजून बँकेत ठेवलेत. गावात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी चार खोल्या बांधायचं त्यांच्या मनात घोळतंय, फक्त प्रार्थनेची अट घालावी की नाही यावर अडलंय. माझं मत, घालू नये. तुमचं काय ते लिहा. निरोप फुगराईच्या रखवालदाराकडे ठेवा, पण रात्री दहाच्या आत. त्यानंतर फाटक उघडायचे पन्नास सेंट पडतात, मध्यरात्रीनंतर एक युरो, आणि वसाहत तुमचीच असली तरी तुम्हालाही सूट मिळायची नाही.

कळावे, लोभ असावा,
वसईची एक शेजारीण