क्रॉयडन ते कराची, मुक्काम ऐरोली

ऐरोली हे प्रवासवर्णनाचा विषय व्हावे असे गाव नव्हे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला सिडकोने आखलेले सेक्टर, आणि त्यांच्याही पलीकडे खारफुटी व ठाण्याची खाडी. मस्जिद बंदर आणि दाणाबंदर येथील घाऊक बाजार वाशीला हलला तेव्हा जी व्यापारी कुटुंबे त्याच्या मागोमाग खाडी ओलांडून आली, त्यांतील काही येथे स्थिरावली. हिवाळ्यात खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. दक्षिणेकडच्या आकाशात मुंबईला उतरणारी विमाने एकामागून एक दिसतात. रहिवाशांना या दोन्हींची इतकी सवय झाली आहे की मान वर करून पाहणारा क्वचितच भेटेल.

तथापि, येथील एका पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेतून यंदाच्या उन्हाळ्यात जो प्रवास झाला, तो सुमारे आठ हजार किलोमीटरचा होता. प्रवासी दोघे. एक, वाणिज्य शाखेतून नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला नातू; दुसरे त्याचे दादा, वय वर्षे पंच्याऐंशी, वाशीच्या धान्य बाजारातील गाळा मुलांवर सोपवून निवृत्त झालेले. वाहन म्हणजे संगणकाचा पडदा, एक जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर नावाची प्रणाली. विमानाचे वजन, वारा, इंधन, ढग यांचे गणित ही प्रणाली क्षणोक्षणी मांडते आणि उपग्रहाने टिपलेली खरी जमीन खाली सरकत राहते. खेळ म्हणून तो मुलांच्या खोलीत शिरला असला, तरी वैमानिकांच्या शिक्षणातही त्याच्याच थोरल्या भावंडांचा उपयोग होतो.

मार्ग निवडला तो १९३० च्या एका स्पर्धेचा. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर, कोणत्याही दिशेने, एकट्याने उडून ठरलेल्या मुदतीत प्रथम पार करणाऱ्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. रुपयाचा भाव तेव्हा १ शिलिंग ६ पेन्स असा बांधलेला होता. त्या हिशेबाने ही रक्कम ६,६६६ रुपये १० आणे ८ पै भरते. ज्या जिप्सी मॉथ विमानातून ही झेप घ्यायची, त्याचीच किंमत ६५० पौंडांच्या आसपास होती. म्हणजे जिंकूनही विमानाचे पैसे सुटत नव्हते. पेढीवरच्या कोणत्याही माणसाने या व्यवहाराला नकार दिला असता.

तरीही तिघे उतरले. मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाचे नाव ठेवले होते ‘मिस इंडिया’. इंग्रजीत ‘मिस’चा दुसरा अर्थ चुकणे असा असल्याने, हे गृहस्थ हिंदुस्थान चुकवणार असे दिसते, अशी कोटी एका इंग्रज संपादकाने केली. दुसरे जे. आर. डी. टाटा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला त्यांचा वैमानिक परवाना भारतात दिला गेलेला पहिला. ते ३ मे १९३० रोजी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. तिसरा कराचीचा अस्पी इंजिनियर, वय अवघे सतरा. तो २५ एप्रिलला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून पूर्वेकडे निघाला. ऐरोलीच्या नातवाने निवडला तो अस्पीचा मार्ग. आपल्याच वयाचा म्हणून निवडला, असे तो सांगे. दादांचे कारण वेगळे होते. तो मार्ग कराचीला संपत होता.

दादांचा जन्म कराचीचा. रणछोड लाइनमध्ये घर, वडिलांचे धान्याचे दुकान. १९४७ मध्ये आगबोटीने मुंबईस आले तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यानंतर जाणे झाले नाही. आधी सवड नव्हती, पुढे तिथे ओळखीचे कोणी उरले नाही, आणि मग परिस्थितीच तशी राहिली नाही.

प्रवासाची सुरुवातच अडली. क्रॉयडनचा विमानतळ १९५९ मध्ये बंद झाला. जुनी इमारत उभी आहे, पण धावपट्टी नाही. तेव्हा जवळच्या बिगिन हिल येथून उड्डाण करायचे, क्रॉयडनवर एक घिरटी घालायची आणि तेथून घड्याळ लावायचे, असे ठरले. विमान घेतले टायगर मॉथ, जिप्सी मॉथच्याच वंशातले: दोन मजली पंख, उघडी बैठक, नाकावर एक इंजिन. वेग ताशी सुमारे १३५ किलोमीटर. आजच्या प्रवासी विमानाला जे अंतर एका तासात कापता येते, त्याला याचे सहा तास लागतात.

पडद्यावर काळाचा वेग दुप्पट-चौपट करण्याची सोय असते. वाळवंटावर दोन तास काहीच घडत नाही, तेव्हा बहुतेक जण ती वापरतात. दादांनी तिला मनाई केली. “काट्यात मारत नाही, तर घड्याळात तरी का मारायचे?” एवढेच ते म्हणाले. रोज रात्री जेवणानंतर दीड तास, खऱ्या वेळेने, त्या क्षणी त्या प्रदेशात जे हवामान असेल त्याच हवामानात. दादांनी एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. डाव्या बाजूस निघताना टाकीत असलेले पेट्रोल, उजव्या बाजूस खर्च, ताशी सुमारे वीस लिटर, खाली शिल्लक. दिशा, वारा, अंतर यांचे रकाने वेगळे. रोजमेळच तो. मुदतही ठरली: मुलाचे सी.ए. फाउंडेशनचे वर्ग सुरू होण्याच्या आत कराची.

युरोपात सांगण्यासारखे फारसे झाले नाही. इंग्लिश खाडीवर धुके लागले, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उत्तरेचा वारा पाठीशी मिळाला आणि वहीत अकरा लिटर वाचले. इटलीचा पाय उतरून सिसिली, तेथून सुमारे १५० किलोमीटर उघडा समुद्र, आणि पलीकडे आफ्रिका. समुद्रावरच्या त्या तासाला घरातील सूनबाईही स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. विमान खोटे आहे, हे सर्वांना ठाऊक होते; तरी कोणी बोलत नव्हते.

नंतर लिबियाचा किनारा, रात्रीमागून रात्री, आणि अखेर अलेक्झांड्रियाजवळचे अबुकीर. या मार्गावर थांबून पाहावे असे एकच ठिकाण असेल तर ते हे. १९३० च्या मे महिन्यात अस्पी येथे अडकून पडला होता. इंजिनाचे स्पार्क प्लग नादुरुस्त, जवळ जादा नाहीत. तेवढ्यात समोरून, उलट दिशेने, जे.आर.डी. उतरले. दोघे एकाच पारितोषिकामागे होते. जे.आर.डीं.नी काही न करता नुसते पुढे जाणे पुरेसे होते. त्यात नियमभंग नव्हता, खोटेपणा नव्हता. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पी उडाला आणि ११ मे रोजी कराचीला पोहोचला. जे.आर.डीं.चे पारितोषिक काही तासांच्या फरकाने हुकले. मनमोहन सिंग या दोघांच्याही आधी मार्ग पूर्ण करून चुकले होते, पण मुदत ओलांडल्यामुळे बाद ठरले.

नातवाने विचारले, “दादा, तुम्ही दिले असते का प्लग?” दादांनी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वही उघडताना, म्हणाले, “गाळ्यात असतो तर दिले असते, पण पैसे घेऊन.” हे उत्तर प्रामाणिक होते, आणि बहुतेक सज्जन व्यापाऱ्यांचे तेच असते. अस्पी पुढे हवाई दलात गेला, आणि १९६० ते १९६४ या काळात एअर मार्शल इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. तो जिंकला याचा आपल्याला आनंदच आहे, असे जे.आर.डी. पुढे सांगत. मनमोहन सिंग १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात मरण पावले.

इजिप्त सोडल्यावर गाझा, मग वाळवंट. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपालासाठी या वाळवंटात वाटेची खूण उमटवली होती; वैमानिक खालच्या त्या रेषेवरून दिशा धरत. काही भागात ती चक्क नांगराने ओढली होती. मध्ये रुतबा येथे किल्ला आणि विहिरी. नातवाने ती रेघ पडद्यावर दोन रात्री शोधली. मिळाला तो डांबरी महामार्ग. होकायंत्राचे महत्त्व त्याला येथे कळले. दिशा पाच अंशांनी चुकली, तर पावणेपाचशे किलोमीटरच्या टप्प्याअखेर विमान चाळीस किलोमीटर बाजूला पडते, आणि टाकीत जेमतेम अर्ध्या तासाचे पेट्रोल असते. पहिल्या प्रयत्नात रुतबा सापडलेच नाही. त्या रात्रीच्या पानावर दादांनी तांबड्या शाईने ‘बुडीत’ असे लिहिले आणि तो टप्पा पुन्हा करायला लावला.

बसरा, बुशेर, लिंगे, जास्क. इराणचा हा किनारा १९३२ पर्यंत लंडन-कराची टपाल-विमानांचा नेहमीचा मार्ग होता. पुढे मकराण: उजव्या हाताला अरबी समुद्र, डावीकडे कोरडे, सुरकुतलेले डोंगर. ग्वादर १९३० मध्ये ओमानच्या सुलतानाच्या ताब्यात होते, हे वाचून दादांना फार आश्चर्य वाटले. हिंगोल नदीचे मुख आले तेव्हा त्यांनी विमान थोडे आत घ्यायला सांगितले. त्या डोंगरांत हिंगलाज आहे. त्यांच्या आईच्या तोंडी ते नाव असे.

हा मार्ग आज छोट्या विमानातून उडू पाहणाऱ्या भारतीयाला किती सरहद्दी अडवतील, याची यादीच करावी लागेल. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, भारतानेही तेच केले. कराची-अहमदाबाद-मुंबई या १९३२ च्या आपल्याच पहिल्या टपाल-उड्डाणाची पुनरावृत्ती जे.आर.डीं.नी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी केली, लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून, वयाच्या ७८ व्या वर्षी, एकट्याने. तेव्हा कराचीहून निघून जुहूला उतरता येत होते.

शेवटच्या रात्री घरातील सगळे जमले. कराचीजवळ येताना वैमानिक जी खूण शोधत, ती ‘काला छपरा’: आर-१०१ या प्रचंड हवाई जहाजासाठी बांधलेली, कोसांवरून दिसणारी शेड. ते जहाज येथवर आलेच नाही. १९३० च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये कोसळले. शेडही पुढे पाडली गेली. पडद्यावर त्या जागी काही नव्हते. दादांनी विमान बंदराकडे वळवायला लावले. केमाडी ओळखू आले. तेथून मेरीवेदर टॉवर, मग सरळ बंदर रोड. या रस्त्यावर नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे. वैद्य हे सिंधमध्ये गेलेले मराठी शिक्षणाधिकारी, आणि १८५५ मध्ये निघालेली ही शाळा सिंधमधील पहिली सरकारी शाळा. दादांचे थोरले भाऊ तेथे शिकत. संगणकाने अंदाजाने उभारलेल्या सारख्यासारख्या इमारतींतून ती वेगळी काढता येईना. रणछोड लाइन तर नुसती छपरांची दाटी. दादा चष्मा पुसून पुढे वाकले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी पडद्यावर एका ठिकाणी बोट ठेवले. तेच घर की दुसरे, हे सांगणारे कोणी नव्हते.

“उतरवू का आता?” नातवाने विचारले.

“पेट्रोल किती?”

“चाळीस मिनिटांचे.”

“मग तीस मिनिटे फिरव.”

विमानाने रणछोड लाइन, बंदर रोड आणि बंदर यांवर सात फेऱ्या घातल्या. विमानतळावर चाके टेकली तेव्हा ऐरोलीत रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. दादांनी वहीत एकूण उड्डाण ६३ तास २० मिनिटे अशी नोंद केली, खाली दोन रेघा ओढल्या, आणि पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घालून मथळा लिहिला: कराची ते मुंबई, मार्गे अहमदाबाद. वर्ग सुरू व्हायला अजून अकरा दिवस होते.