देणेकऱ्यांची शाळा

गावाचा इतिहास वाचायचा असेल तर ग्रामपंचायतीच्या दप्तरात डोकं घालू नये. माध्यमिक विद्यालयात जावं, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं राहावं आणि तिथला ‘शालान्त परीक्षेतील गुणवंत विद्यार्थी’ हा फलक वरून खाली सावकाश वाचावा.

लाकडी चौकट, काळी पाटी, तिच्यावर पिवळ्या ऑइलपेंटची अक्षरं. वरची बरीचशी नावं एकाच हातची, शिरोरेघ ताणून काढलेली. तो हात चित्रकलेच्या सरांचा. सर निवृत्त झाले तिथे अक्षर मोडतं आणि बाजारपेठेतल्या पेंटरचं सुरू होतं. तळाच्या ओळी तर रेडियम कापून चिकटवलेल्या. उन्हाळ्यात त्यातली एखादी वेलांटी निघून पडते आणि ‘गीता’ची ‘गता’ होते. पोरं त्या नावाने वर्षभर एकमेकांना हाका मारतात.

नावापुढे शेकडा गुण. वरच्या ओळींत साठ-पासष्ट टक्क्यांना मुलगा शाळेत पहिला येई. तळाला आलं की पंचाण्णवच्या आत पहिल्या नंबराचं नावच नाही. मधल्या काळात शाळेतूनच मिळणारे गुण आले, २०१०मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या श्रेणीचे गुण आले, खेळाचे आले, लोककलेचे आले. आता शंभर टक्केही पडतात. निवृत्त गुरुजी ते ऐकून चष्मा पुसतात आणि म्हणतात, “आमच्या वेळचे साठ म्हणजे साठच हो.” कुणी वाद घालत नाही. जुन्या काही नावांपुढे तांबड्या रंगाची चांदणी आहे. हा मुलगा ‘बोर्डात आला’ होता. मंडळाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं आणि फलकावरच्या चांदण्याही संपल्या.

आकड्यांपेक्षा आडनावं जास्त बोलतात. सुरुवातीला तीच ती चार-पाच घरं आलटून पालटून येतात. वाड्यातलं एक, पेढीवरचं एक, बदलीवर आलेल्या तलाठ्याचा मुलगा मध्येच एखादा. मग कुठेतरी पहिली मुलगी येते. तिच्यानंतर पुन्हा पाच-सात वर्षं मुलगेच. पुढे मात्र मुली येऊ लागतात त्या थांबतच नाहीत. आणखी खाली गावाच्या दुसऱ्या टोकाची आडनावं उगवतात. ज्यांच्या आज्यांनी या शाळेच्या पायाचे दगड डोक्यावरून वाहिले, त्यांची. जयंत्यांच्या भाषणांतून कळत नाही इतकं त्या दहा-बारा ओळींतून कळतं.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फलकावर आई कुठेच नाही. मंडळाच्या गुणपत्रिकेवर तिच्यासाठी वेगळी ओळ असते. फलकापर्यंत ती ओळ पोचली नाही. २०२४मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की १ मे २०१४ला आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं. ही मुलं दहावी होतील २०३०च्या सुमारास. तेव्हा रेडियमवाल्याला जागा पुरवून पुरवून अक्षरं लावावी लागतील. लावील तो. आधी त्याला तेवढी अक्षरं परवडायला हवीत, इतकंच.

पण फलकाला एक खोड आहे. तो वर्षाकाठी एकच नाव लिहितो, आणि वर्ष काही एकट्याने होत नाही. मला तर तो फलक अर्ध्यावर फाटलेल्या हिशेबवहीसारखा वाटतो. जमेची बाजू हाती राहिली, नावेची बाजू कुणीतरी नेली. ती नावेची बाजू लिहायची म्हटली तर काय काय लिहावं लागेल?

एसटी लिहावी लागेल. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना शाळेचा पास फुकट मिळतो. मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्या धावतात. पण पास म्हणजे काही गाडी नव्हे. बांधावरून दप्तर सावरत पळत येणारी पोरगी दिसली की घंटीच्या दोरीवरचा हात आवरून धरणारा कंडक्टर लागतो. त्या अर्ध्या मिनिटाची नोंद कुठल्याच वेबिलात होत नाही.

मधली सुट्टी लिहावी लागेल. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववी-दहावीची पोरं त्याच पटांगणात, त्याच वासात, आपापले डबे उघडून बसतात. सरकारी नियम इथे संपतो आणि पोरांचा सुरू होतो. आठवीतल्या धाकट्याच्या ताटातली खिचडी दहावीतल्या थोरल्याकडे जाते, थोरल्याच्या डब्यातली ठेच्याची भाकरी धाकट्याकडे येते. ज्याला थोरला नाही त्यालाही अर्धा तास कुणीतरी थोरला असतोच. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना हे सगळं दिसतं. म्हणून त्यांचा शेवटचा डाव नेहमी जरा जड असतो.

रात्रअभ्यासिका तर लिहायलाच हवी. संक्रांत झाली की दहावीची मुलं जेवून, पांघरुणं घेऊन शाळेत येतात. बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या. शिक्षकांच्या पाळ्या लागतात. ज्यांच्या घरी एकच खोली आणि तिच्यात टीव्ही, त्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा शांतता मिळते ती इथे. वीज गेली की मंडपवाल्याचा जनरेटर येतो, भाडं कुणी विचारत नाही. दहाच्या सुमाराला गणिताचे सर भूमितीची आकृती खडूने जमिनीवरच काढतात, पोरं तिच्याभोवती गुडघे टेकून बसतात, आणि ज्याला प्रमेय आधी उमगतं तो न उमगलेल्याला सांगतो. सांगता सांगता त्यालाच ते खरं समजतं. हा व्यवहार दोन्हीकडून कर्जाचा. कोण कुणाचं लागतं हे सरांनाही सांगता येणार नाही.

हे सगळं ज्याला एका खेळात पाहायचं असेल त्याने पटांगणावर संध्याकाळचा खो-खो पाहावा. आठ जण ओळीने बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून, नववा पळतो. त्याने एक दिशा धरली की टोकाच्या खांबापर्यंत गेल्याशिवाय उलट फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. प्रतिस्पर्धी हाताशी येऊन निसटतो तेव्हा त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो. बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवायचा, ‘खो’ म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. धावणं सोडण्यात शहाणपण असलेला असा खेळ दुसरा माझ्या पाहण्यात नाही. गुणपत्रकात नाव लागतं ते गडी बाद करणाऱ्याचं. नेमक्या क्षणी खो देऊन खाली बसला त्याचं लागत नाही. पीटीचे सर मात्र ओरडतात ते त्याच्याच नावाने. याच मराठी पटांगणांतून वर गेलेल्या प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांनी जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या संघांचं नेतृत्व केलं. दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून चषक आणले. त्या दिवशी राज्यातल्या कितीतरी पीटीच्या सरांनी आपल्या शाळेचा गंजलेला खांब पुन्हा रंगवायला काढला असेल.

आपल्याकडची माध्यमिक शाळा मुळात उभीच राहिली ती अशा देण्यावर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. कोठार रिकामं झालं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करायची रीतही त्याच चळवळीतली. मूठ देणाऱ्या बाईला आपण शिक्षणाला हातभार लावतोय असं वाटलं असेल की दारी आलेल्या पोराच्या पोटाला, कुणास ठाऊक. तिच्या लेखी त्यात फरक नसावा. पण त्या मुठीमुळे पुढे शिकून साहेब झालेला माणूस त्या गावचा कायमचा देणेकरी झाला, आणि अशा देणेकऱ्यांनीच पुढच्या शाळांच्या खोल्या बांधल्या. कोनशिलेवर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असं असतं ना, ती त्या खात्यातली परतफेड.

ही परतफेड किती रोखठोक असू शकते हे खाशाबा जाधवांनी दाखवलं. गोळेश्वरचा मुलगा, कराडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. गावाने बैलगाड्या सजवून मिरवणूक काढली. गुलाल धुऊन झाल्यावर या पठ्ठ्याने काय करावं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्या स्वतः लढला, आणि जमलेल्या पैशांतून सरांचं घर सोडवलं. पदक त्याचं खरं, पण घर सुटेपर्यंत ते त्याने पुरतं आपलं मानलं नसावं.

आता चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. निकालानंतर एकाच मुलीचा तोच फोटो तीन क्लासेसच्या फ्लेक्सवर तीन वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर हसत असतो, खाली ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. चौथा फ्लेक्स गावच्या पुढाऱ्याचा, भाऊसाहेबांचा. त्यात मुलीपेक्षा भाऊसाहेब मोठे. मला त्याचा फार राग येत नाही. देणेकऱ्याच्या दारी सावकारांची गर्दी व्हायचीच. वाईट एवढंच वाटतं, की फ्लेक्सवर फक्त मागणारे दिसतात. कंडक्टर, मावशी, मंडपवाला यांनी कधी फ्लेक्स लावल्याचं पाहिलं नाही.

त्यांचं देणं चुकतं करायला मात्र आपल्याकडे एक जुनी रीत आहे, आणि ती मला फार शहाणी वाटते. परीक्षा मुलाने दिली, जागला तो, गुण पडले त्याला. तर खरं तोंड गोड करायला हवं त्याचं. पण पेढे वाटायचे त्यानेच. निकाल हल्ली दुपारी एकला मोबाइलवर कळतो, पूर्वी वर्तमानपत्रातल्या बारीक आकड्यांच्या जंगलात बैठक क्रमांक शोधावा लागे. पण पुढचं काही बदललेलं नाही. देवापुढे एक ठेवायचा, आजीला एक द्यायचा, आणि उरलेला पुडा घेऊन निघायचं. शाळेत, शेजारी, किराण्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर. “पास झालो,” एवढंच म्हणून वाकायचं. समोरचा “किती पडले रे?” विचारतो, आकडा ऐकून मान डोलावतो आणि मोडलेल्या पेढ्याचा अर्धा तुकडा त्याच्याच तोंडात भरतो. ज्याने मिळवलं त्याने द्यायचं, आणि घेणाऱ्याने त्यातलं अर्धं परत करायचं. एवढा समतोल व्यवहार बँकेतही होत नसेल.

मग नापास झाला त्याचं काय? निकालाच्या दिवशी त्याच्या घरापुढून पेढ्यांचे पुडे जातात आणि तो आतल्या खोलीत बसतो. पूर्वी म्हणत, “ऑक्टोबरला बसव.” २०१५पासून पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमाराला होते. वर्ष वाया जात नाही, पण उसंतही मिळत नाही. निकालानंतर चार-सहा दिवसांतच गणिताचे सर सायकलवरून त्याच्या दारी येतात. ते बाहेरूनच म्हणतात, “उद्यापासून सातला ये.” शाळा भरायच्या आधी तास. पहिल्या आलेल्या मुलीला घरून सांगितलं जातं, की अकरावीचे प्रवेश होईपर्यंत याची उदाहरणं तपास. चुलता शेताच्या कामातून त्याला मोकळा करतो आणि स्वतः दोन माणसांचं काम ओढतो. ज्यांनी वर्षभर त्याला कधी काही विचारलं नाही असे चार जण येता-जाता विचारतात, “बीजगणितच राहिलंय ना?” त्या प्रश्नाने पोरगा चिडतो. पण चिडून का होईना, बसतो अभ्यासाला.

आणि बहुतेक वेळा निघतो. पस्तीस, नाहीतर छत्तीस. काठावर. फलकावर त्याचं नाव कधीच येणार नाही, रेडियमवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. पण त्याने किती पेढे आणले ते मिठाईवाल्याला विचारा. शहाण्णव टक्केवालीने अर्धा किलो नेले होते. हा दोन किलो नेतो. बरोबरच आहे. तिला दहा जणांचं देणं होतं; याला पास करायला निम्मा गाव लागला, त्यातलं एकही घर चुकवून कसं चालेल?