जेरुसलेमचीं चर्मपत्रें आणि आमचा कोश

तीर्थास जाणारा मनुष्य तेथें कांहीं तरी सोडून येतो असा आपल्याकडे प्रघात आहे. कोणी एखादें फळ सोडतो, कोणी एखादी भाजी. सन २०१९ च्या फेब्रुवारींत आम्ही जेरुसलेम पाहून आलों. तें तीर्थ आमच्या धर्माचें नव्हे. तथापि तेथें आम्हींहि एक गोष्ट कायमची सोडली. ती कोणती, तें वाचकांस यथाक्रम निवेदन करितों.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या देशांत अश्दोद शहरीं राहतो. तो रेवदंड्याच्या बेने इस्राएल घराण्यांतला. कोंकणांत या लोकांस 'शनवार तेली' म्हणत. कारण तेलाचा घाणा हा त्यांचा पिढीजात धंदा आणि शनिवारीं घाणा बंद. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील बहुतेक कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. आमचा विद्यार्थीहि शाळा संपतांच गेला. परंतु घरांत मराठी अद्याप टिकून आहे. त्याच्या वृद्ध मातोश्री आणि आमचें कुटुंब यांच्या गप्पा ऐकतांना आपण अष्टागरांतल्याच एखाद्या ओटीवर बसलों आहों असें वाटे.

पहिल्याच रात्रीं जेवतांना त्यानें विचारिलें, "सर, तो मोठा मोल्सवर्थ अजून आहे का?"

आमच्या हातांतला घास क्षणभर थांबला. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति, चामड्याच्या बांधणीची, आमच्या तीर्थरूपांची. तेहि शिक्षकच. खाडीकांठच्या लोकांच्या तोंडीं ऐकलेले शब्द, त्यांचे अर्थ आणि ऐकल्याचें ठिकाण ते कोशाच्या समासांत बारीक अक्षरांत टिपून ठेवीत. १९८२ च्या पावसाळ्यांत कोशाची पाठ उकलली आणि अकरा पानें फाटून सुटीं झालीं. तेव्हां आठवींत असलेल्या याच मुलानें, त्याच्या चुलत्यानें परदेशांतून पाठविलेलें सेलोटेपचें एक रीळ मोठ्या कौतुकानें आणून दिलें. एका रविवारीं गुरुशिष्यांनीं बसून पानें जोडलीं, चामड्याच्या पाठीवरहि पट्ट्या मारिल्या, आणि आम्हीं त्यास शाबासकी दिली.

पुढें पट्ट्या पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. वरचा पारदर्शक पदर वाळून गळूं लागला. पण खालचा चिकटा कागदांत मुरला आणि त्याच्या डागाखालीं तीर्थरूपांचें अक्षर दिसेनासें झालें. पाठीवरची एक पट्टी आम्हीं ओढून पाहिली, तों तिच्याबरोबर चामड्याची वरची साल निघून आली. एकदां रॉकेलचा बोळा लावावयास बसलों होतों. कुटुंबानें, "अहो, आधीं कोणा जाणत्यास तरी विचारा," म्हणून हात धरिला. हें सारें त्या मुलास कोणत्या तोंडानें सांगावें? "आहे," एवढेंच आम्ही बोललों.

दुसऱ्या दिवशीं तो आम्हांस डोंगर चढून जेरुसलेमास घेऊन गेला. जुन्या तटबंदीच्या ईशान्य कोपऱ्यासमोर रॉकफेलर म्युझियम आहे. १९३८ सालीं उघडलेली ही पांढऱ्या दगडाची इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा आणि चौकांतलें लांबट तळें पाहून मन शांत होतें. मृतसमुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांतून १९४७ ते १९५६ पर्यंत जुने हस्तलेख सांपडत गेले. त्यांतले सर्वांत जुने इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतले. बहुतेक जनावराच्या कातड्यावर लिहिलेले, कांहीं पपायरस नांवाच्या लव्हाळ्याच्या कागदावर. नऊशेंहून अधिक ग्रंथ, पण बहुतेकांचे नखाएवढे, तळहाताएवढे तुकडे झालेले.

१९५० नंतरच्या दशकांत, शहराचा हा भाग जॉर्डनच्या ताब्यांत असतां, निरनिराळ्या देशांचे पंडित याच इमारतींत लांब मेजांवर ते हजारों तुकडे मांडून जुळवीत बसत. त्या वेळचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत: उघड्या खिडक्यांतून ऊन येत आहे, कोणाच्या हातांत सिगारेट आहे. जुळलेले तुकडे ते कशानें जोडीत? सेलोटेपनें! वर खालीं कांच ठेवून ते दाबीत. कांहीं वर्षांतच चिकटा कातड्यांत मुरला आणि तुकडे काळवंडूं लागले.

हें ऐकतांना विद्यार्थ्यानें आमच्याकडे पाहिलें. "सर, आपला मोल्सवर्थ—" एवढेंच तो बोलला. आम्हीं मान हालविली.

दोन हजार वर्षें कोरड्या गुहेच्या अंधारानें जें राखिलें, तें विद्वानांच्या हातीं येतांच दहापांच वर्षांत बिघडावें, यासारखा विपर्यास कोणता? दुपारीं इस्राएल म्युझियमच्या आवारांतील 'ग्रंथमंदिर' पाहावयास गेलों. १९६५ सालीं बांधलेल्या या मंदिराचा पांढरा घुमट, ज्या मडक्यांत हस्तलेख सांपडले त्यांच्या झांकणासारखा आहे. आंत मंद उजेड. मधोमध यशया संदेष्ट्याची सुमारें सव्वासात मीटर लांबीची गुंडाळी वर्तुळाकार मांडलेली. तीहि प्रतिकृति, मूळ अंधारांत जपून ठेविलेलें. तेथील एका माहितगार बाईस आम्हीं विचारिलें, "एवढे विद्वान, त्यांस हें कसें कळलें नाहीं?" ती म्हणाली, "त्यांना तुकडे वाचायचे होते. टिकवायचे आहेत, हा विचार मागाहून आला."

तिनें पुढची हकीकतहि सांगितली. १९९१ सालीं तेथील पुरातत्त्व खात्यानें या कामासाठीं स्वतंत्र शाळा काढिली. पूर्वींच्या सोव्हिएत देशांतून आलेल्या मोजक्या स्त्रिया तेथें वर्षानुवर्षें एकेक तुकडा घेऊन बसल्या आहेत. शस्त्रवैद्याच्या सुरीचें पातें किंचित् ऊन करून वरचा पदर सोडवावयाचा. मग राहिलेला चिकटा योग्य द्रावकानें मऊ करून थोडा थोडा शोषून घ्यावयाचा. पाणी सढळ वापरतां येत नाहीं, कारण ओल व उष्णता यांनीं जुन्या कातड्याची सरस होते. जो चिकटा मुरून कठीण झाला, त्याचा डाग बहुधा कायमचाच. तुकड्यास आधार द्यावा लागला, तर पातळ जपानी कागदाचा. आणि तोहि असा कीं, उद्यां कोणास काढावासा वाटला तर इजा न होतां निघावा. हा शेवटचा नियम आम्हीं मनांत दोनदां म्हटला.

आपले जुने लेखक पोथीच्या शेवटीं विनवीत असत कीं, मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बंधनापासून राखा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. आम्हीं तें शेंकडों वेळां वाचलें, मुलांस शिकविलें. आणि तेलासारखा पसरणारा चिकटा मात्र स्वतःच्या हातानें लाविला.

परत आल्यावर कोश मुंबईच्या एका जाणत्या संरक्षकाकडे नेला. त्यानें पाठीच्या चामड्यास फारसा हात लाविला नाहीं; द्रावकानें रंग उतरेल आणि सालहि जाईल, म्हणाला. पानांवर मात्र चार महिने काम केलें. अकरा पानांपैकीं तीन पानांवरचें अक्षर पुनः दिसूं लागलें. आठांवरचें गेलें तें गेलें. एका टिपणांत मूळ शब्द डागाखालींच राहिला आहे, खालची ओळ तेवढी स्वच्छ वाचतां येते: "रेवदंडा, शनवार तेल्यांच्या घाण्यावर ऐकिला."

त्या पानाचें छायाचित्र आम्हीं अश्दोदला पाठविलें. विद्यार्थ्यानें मातोश्रींस विचारिलें. त्यांनीं घाण्याचे आठवतील ते सारे शब्द सांगितले. पण तीर्थरूपांनीं टिपिलेला कोणता, हें कोण सांगणार? मुलगा लिहितो, "सर, रीळ मीं आणलें होतें." आम्हीं उत्तर दिलें, "बाळ, लाविलें आम्हीं."

घरोघरीं वडिलांच्या पोथ्या, रोजकीर्दी, जन्मपत्रिका, चामडी बांधणीचे ग्रंथ असतात. त्यांवर पट्टी लावूं नये. लागलेली असेल तर ओढूं नये. रॉकेल, पेट्रोल, पाणी किंवा केस वाळविण्याचें यंत्र, यांतलें कांहींच त्यांस दाखवूं नये. सुटीं पानें कोऱ्या स्वच्छ कागदाच्या घडींत ठेवावीं, ग्रंथ सुती फडक्यांत बांधावा आणि जाणत्याची वाट पाहावी. जें पुढें सोडवितां येत नाहीं, तें जोडूंच नये. प्रेमानें केलेली घाईहि घाईच. तीच आम्ही जेरुसलेमास सोडून आलों.